बाहुलीचा बूट आणि बंबात गेलेला खोका

यंदा दशलक्षणात आकिंचन्याच्या दिवशी कपाट उपसलं. नको ते काढून द्यायचं ठरवलं होतं. बटणांच्या डब्यात तळाशी एक गुलाबी बूट निघाला, नखाएवढा. लेकीच्या बार्बीचा! फोटो पाठवला तर पुण्याहून लगेच तिचा फोन, "आई, खोका आहे का गं?"

खोका कधीच बंबात गेला होता. जळणाला तेवढाच आधार.

मैत्रिणींनो, आमच्या लहानपणी भंडाऱ्यात बाहुली घरीच व्हायची. आजी जुन्या लुगड्याच्या चिंध्या भरून करायची, डोळे काजळाचे. गाव पितळेच्या भांड्यांचं, त्यामुळे भातुकली मात्र खणखणीत. त्या बाहुलीला ना खोका, ना साल. फाटली की दुसरी.

बार्बीची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या रूथ हँडलर यांनी आपली मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांना मोठ्या बायकांचे कपडे घालून खेळते हे पाहिलं होतं. पुढे युरोपच्या प्रवासात त्यांना लिली नावाची जर्मन बाहुली दिसली, तीही बाळ नव्हे, तरुण बाई. त्यावरून ९ मार्च १९५९ला न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात बार्बी आली. उंची साडेअकरा इंच, अंगात काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख, किंमत ३ डॉलर. बनायची जपानात.

मी कॉमर्सची, म्हणून मला यातला हिशेब आवडतो. बाहुली एकदाच विकली जाते, कपडे पुन्हा पुन्हा. पहिल्या खोक्यांवर तिच्या निरनिराळ्या पोशाखांची चित्रं रेखाटलेली असायची, आत पोशाखांची छोटी पुस्तिका. हातमोजे, पर्स, टाचेचे बूट असं सगळं चित्रात बघून मुलगी आईकडे हट्ट धरणार. खोका म्हणजे घरात शिरलेला विक्रेताच! पुढे खोक्याला पारदर्शक खिडकी आली आणि रेखाटलेल्या चित्रांचं काम कमी झालं.

आपल्याकडे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती लिओ या नावाखाली आली. व्हीआयपी सुटकेसवाल्या ब्लो प्लास्टचाच हा खेळण्यांचा व्यवसाय. साडी नेसलेली, कपाळाला टिकली लावलेली बार्बी निघाली, राजस्थानी आणि पंजाबी वेशातलीही. चेहरा मात्र तोच परदेशी. मला ती टिकली उसनी वाटायची.

आमच्या घरी ती मामंजींनी नागपूरहून आणली. मी तिला ब्लाउजपीसच्या उरलेल्या कापडाची साडी शिवली. मोहाडीकडच्या करवती काठाच्या कोशाच्या साड्या नावाजलेल्या, पण आमच्या घरी रेशीम वर्ज्य. म्हणून बाहुलीही सुतीच नेसली.

आता खोक्याचं महत्त्व. अनेक बार्बींच्या पाठीवर, कंबरेपाशी १९६६ हे साल असतं. ते पाहून लोक हुरळतात. पण ते साच्याच्या हक्काचं साल. तोच साचा पुढे कितीतरी वर्षं चालला. बाहुली खरी कधीची, कुठली, हे समजायला खोका लागतो. त्यावर साल असतं, मालाचा क्रमांक असतो, देश असतो. आमच्या भाषेत बाहुली म्हणजे माल आणि खोका म्हणजे व्हाउचर. जमवणारे लोक खोक्यासकट बाहुलीला जास्त पैसे मोजतात, न उघडलेलीला तर सगळ्यात जास्त. हे मला पटत नाही. न उघडलेली बाहुली म्हणजे शिल्लक माल, तिच्याशी कोण खेळलं?

पण मला खोका हवा होता तो दुसऱ्याच कारणानं. मामंजी दुकानदार. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूवर तारीख टाकायची त्यांची सवय. त्या खोक्याच्या मागे त्यांनी शाईपेनानं तारीख आणि नातीचं नाव लिहिलं होतं. त्यांच्या चोपड्या दुकानाबरोबर गेल्या. आज त्यांचं अक्षर घरात कुठेच नाही, आणि तो खोका मी स्वतःच्या हातानं, पाणी तापवायला, जाळला. त्या दिवशी मला घर मोकळं केल्याचं समाधानच वाटलं होतं.

बाहुली लेकीकडे आहे, अनवाणी. तिचे पाय टाचा उचललेले असतात, तशी ती उभी राहत नाही. लहान वस्तूंत बूटच आधी हरवतात, म्हणून जमवणाऱ्यांना जोडी मिळणं कठीण. मी सापडलेला बूट आणि ती सुती साडी पाकिटात घातली. पाकिटावर तारीख टाकली, खाली नातीचं नाव. पोस्टात टाकायचं बाकी आहे. शिलाई मशीनचा खण अजून बघायचा राहिलाय, कदाचित दुसराही बूट तिथे असेल.