लग्नाच्या अटीला आव्हान देणाऱ्या मुथम्मा

स्त्रीला नोकरीत प्रवेश मिळाला, म्हणजे बढतीची वाट मोकळी झाली असे नव्हे. याचे ठळक उदाहरण म्हणजे सी. बी. मुथम्मा यांचा लढा. कर्नाटकातील कोडगू हे त्यांचे मूळ गाव-मुलूख. १९४९मध्ये भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या त्या पहिल्या महिला अधिकारी होत. लग्न केल्यास राजीनामा देण्याची हमी त्यांच्याकडून सुरुवातीलाच लिहून घेण्यात आली होती.

नियम काय होते?

१९६१च्या सेवा नियमांनुसार महिला अधिकाऱ्याला लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे. संसारामुळे कामात अडथळा येतो, असे सरकारला वाटल्यास तिला राजीनामा द्यायला सांगता येई. विवाहित स्त्रीला या सेवेत नेमणुकीचा हक्कच नव्हता. पुरुषांना यातील एकही अट लागू नव्हती.

न्यायालयात धाव

१९७०मध्ये मुथम्मा हंगेरीत राजदूत झाल्या. परराष्ट्र सेवेतून राजदूतपदी पोहोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. तरीही सर्वोच्च श्रेणीतील बढती नाकारली गेल्यावर त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. खटला सुरू असतानाच सरकारने त्यांना बढती दिली, एक नियम मागे घेतला आणि दुसरा रद्द करण्याची तयारी दाखवली. त्यामुळे १९७९मध्ये याचिका निकाली निघाली. मात्र न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर कठोर ताशेरे ओढले. पुरुषाच्या कामात संसार आड येत नसेल, तर तो स्त्रीच्याच आड येतो असे कसे मानायचे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. सर्वच सेवा नियमांतील भेदभाव दूर करावा, असेही न्यायालयाने बजावले.

पुढचे टप्पे

पहिल्या गरोदरपणातच हवाई सुंदरीची नोकरी संपवणारा एअर इंडियाचा नियम न्यायालयाने १९८१मध्ये रद्द केला. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र कायम ठेवली. लष्करातील महिलांना कायमस्वरूपी कमिशन देण्याबाबतच्या २०२०च्या खटल्यातही सरकारने कौटुंबिक जबाबदाऱ्यांचे कारण पुढे केले होते. न्यायालयाने ते फेटाळले.

मुथम्मा यांचे २००९मध्ये निधन झाले. त्याआधी, २००१मध्ये चोकिला अय्यर यांच्या रूपाने देशाला पहिल्या महिला परराष्ट्र सचिव मिळाल्या होत्या. मुथम्मा सेवेत आल्यानंतर त्यासाठी ५२ वर्षे जावी लागली.