सहकुटुंब प्राणिदर्शन : एका चालीचा पूर्वेतिहास

सुटीच्या दिवसांत मुलांबाळांस घेऊन शहरांतील प्राणिसंग्रहालय पाहण्यास जावें, बरोबर दशम्या-चटणी बांधून घ्यावी, पिंजऱ्यांपुढून हिंडावें, झाडाखालीं बसून खावें आणि दिवस मावळण्याच्या सुमारास परतावें, ही चाल आज महाराष्ट्रांत इतकी रुळलेली आहे कीं, तिला कांहीं इतिहास असेल असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. आमच्या सोयगांव तालुक्यांतील कुटुंबें एका पिढीहून अधिक काळ छत्रपति संभाजीनगर (पूर्वींचें औरंगाबाद) येथील सिद्धार्थ उद्यानांत अशाच रीतीनें जात आलीं आहेत. या चालीविषयीं दोन समजुती सुशिक्षितांतहि आढळतात. एक अशी कीं, ती सर्वस्वीं इंग्रजांची देणगी होय. दुसरी अशी कीं, पर्वतीच्या पायथ्याशीं पेशव्यांचा शिकारखाना होता, त्याचेंच पुढें पेशवे उद्यान झालें, आणि म्हणून ही चाल मूळची आमचीच. या दोन्ही समजुती आम्हांस अर्ध्याच खऱ्या वाटतात. त्या कां, हें येथें दाखवावयाचें आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. ‘प्राणिसंग्रहालय’ हा शब्द अलीकडचा, घडविलेला आहे. मराठी राज्यव्यवहारांत शब्द होता तो ‘शिकारखाना’. अठरा कारखान्यांच्या यादींत पीलखाना म्हणजे हत्तींचा, उष्टरखाना म्हणजे उंटांचा, आणि शिकारखाना, अशीं नांवें येतात. यावरून एक गोष्ट उघड होते. जनावरें पाळणें हें राज्याच्या सरंजामाचें अंग होतें. जवाहिरखान्यांत जशीं रत्नें तसे शिकारखान्यांत वाघ-चित्ते. ज्याला ‘खाना’ म्हणावयाचें तो धन्याचा असतो. पाहणारा तेथें धन्याच्या मर्जीनें येतो, आपल्या हक्कानें नव्हे.

ही कल्पनाहि पेशव्यांची नवी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दुसऱ्या अधिकरणांत राजाच्या विहारासाठीं मृगवन कसें असावें तें सांगितलें आहे. त्यास एकच द्वार असावें, भोंवतीं खंदक असावा, आंत गोड फळांचीं झुडपें असावीं पण काटेरी झाड नसावें, पाणी उथळ असावें, आणि वाघादि हिंस्र प्राणी ठेवावयाचे तर त्यांचीं नखें व दाढा काढून टाकलेल्या असाव्यात. हा नियम वाचून आजच्या वाचकास कसेंसेंच होईल. परंतु एक द्वार, खंदक व उथळ पाणी एवढें आजच्या कोणत्याहि प्राणिसंग्रहालयाच्या नकाशावर दाखवितां येईल. त्याच प्रकरणांत पुढें दुसरें एक मृगवन सांगितलें आहे. तेथील सर्व प्राणी अतिथि समजावयाचे, म्हणजे त्यांस अभय. नखें काढलेला वाघ आणि अभय दिलेला मृग हे दोन्ही विचार एकाच अध्यायांत शेजारीं शेजारीं आहेत, हें विसरतां कामा नये.

आतां पुण्याकडे येऊं. सवाई माधवराव पेशवे यांस प्राण्यांचा षोक होता, व पर्वतीजवळच्या त्यांच्या शिकारखान्यांत सिंह व गेंडाहि होते. बखरी व पत्रें यांखेरीज याला एक असें प्रमाण आहे कीं, त्यापुढें शब्द थिटे पडावेत. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट १७८६ पासून पुण्यास होता. त्याच्या पदरीं काम करणारा गंगाराम तांबट या मराठी चित्रकारानें इ. स. १७९० च्या नोव्हेंबरांत, म्हणजे शके १७१२ मध्यें, पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें चित्र समोर पाहून काढलें. त्या वेळीं सवाई माधवराव अवघे सोळा वर्षांचे होते. गेंडा हा हिमालयाच्या पायथ्याच्या दलदलींत राहणारा प्राणी. तो दक्षिणेंत होत नाहीं. तेव्हां तो उत्तरेकडूनच कोणी आणला किंवा नजर केला असला पाहिजे. अमरकोशाच्या सिंहादिवर्गांत आम्हीं लहानपणीं गंडकाचे पर्याय खड्ग व खड्गी असे घोकले होते. त्या खड्गासारख्या एका शिंगाचा अर्थ हें चित्र पाहिल्यावर जसा उमगतो तसा कोणत्याहि टीकेनें उमगत नाहीं. ‘गेंडा’ हा शब्द त्या ‘गंडका’चाच वंशज.

गंगारामाचें महत्त्व आमच्या जिल्ह्यापुरतें आणखी आहे. मॅलेटसाठीं त्यानें वेरूळच्या लेण्यांचींहि रेखाटनें केलीं. म्हणजे पुण्याच्या शिकारखान्यांतला गेंडा आणि वेरूळचें कैलास हीं दोन्हीं एकाच मराठी कारागिराच्या हातून कागदावर उतरलीं. परंतु गेंड्याचें तें चित्र आज आपल्या देशांत नाहीं. तें अमेरिकेंत न्यू हेवन येथील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयांत आहे. साहेबाच्या हातीं गेलेला कागद राहिला. आपल्या घरांतल्या कागदांचें काय झालें, तें पुढें पाहूं.

मॅलेटनेंच १७९२ सालीं पाहिलेला दुसरा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. पुण्याबाहेर पेशव्यांचा रमणा होता, तेथें त्यास बोलाविण्यांत आलें. शिकाऱ्यांनीं रानांतले चार काळवीट वाद्यांच्या नादानें वश करून माणसांत आणले होते. ते सजविलेल्या झोपाळ्यांवर निवांत बसून झोके घेत होते, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. या वृत्तांत आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘रमणा’ हा शब्द. हिंदुस्थानींत तो मृगयेसाठीं राखलेल्या आवाराचा वाचक. मूळ संस्कृत ‘रम्’ धातूंत. पुण्यास मात्र हाच शब्द पर्वतीच्या पायथ्याशीं असलेल्या त्या कोटाच्या आवारासहि लागला, जेथें श्रावणांत ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जात असे. हरणें राखण्याचें आवार व शास्त्री-पंडित जमविण्याचें आवार, दोहोंस एकच नांव! आमच्यासारख्या दक्षिणेच्या परंपरेंत वाढलेल्या माणसानें यावर फार न बोललेलें बरें.

याच जागेवरून एक तर्क करतां येतो. श्रावणांत दूरदूरचे हजारों ब्राह्मण पर्वतीखालीं येत, आणि शिकारखानाहि तेथून दूर नव्हता. तेव्हां परगांवच्या कित्येकांनीं वाघ-सिंह प्रथम तेथेंच पाहिले असण्याचा संभव आहे. परंतु तो लोंढा पुरुषांचा होता. बायकामुलांनीं शिकारखाना पाहावा म्हणून घरून निघावें, अशी त्या काळची चाल होती असें या गोष्टींवरून म्हणतां येणार नाहीं. दर्शन होतें, सहकुटुंब प्राणिदर्शन नव्हतें.

आतां पेशवे उद्यानाची गोष्ट. पर्वतीचें तळें नानासाहेब पेशव्यांनीं बांधविलें. त्यांतील बेटावर सारसबाग, व तेथें १७८४ सालीं सवाई माधवरावांनीं गणपतीची स्थापना केली. तळें पुढें बुजविण्यांत आलें, आणि त्याच परिसरांत पुणें महानगरपालिकेनें १९५३ सालीं पेशवे उद्यान व प्राणिसंग्रहालय उघडलें. १९५६ पासून तेथें मुलांची ‘फुलराणी’ ही लहानगी आगगाडी धांवूं लागली. पुढें पिंजरे अपुरे व जागा कोंदट ठरली, १९९९ मध्यें कात्रज येथें राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झालें, आणि पेशवे उद्यानांतील प्राणी तिकडे नेण्यांत आले. शिकारखाना व हें उद्यान यांची जागा जवळपास एकच, नांवहि पेशव्यांचें, म्हणून संस्थाहि तीच, असें पुष्कळांस वाटतें. पण १८१८ ते १९५३ अशीं एकशें पस्तीस वर्षें मध्यें रिकामीं आहेत. संस्थेचें सातत्य म्हणावयाचें तर नोकर, नेमणूक, नियम किंवा निदान जनावरांची वंशावळ, यांपैकीं एखादा धागा तरी दाखवावा लागेल. आम्हांस तसा एकहि दिसत नाहीं. राहिली ती आठवण. आठवण ही लहान गोष्ट नव्हे, पण ती वारसा नव्हे.

मग सार्वजनिक बाग आली कोठून? मुंबईहून. कृषि व उद्यान विषयांसाठीं स्थापन झालेल्या एका संस्थेचा शिवडी येथील बाग तेथून हलवून भायखळ्यास आणला गेला, व १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नर फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्तें तो उघडला गेला. व्हिक्टोरिया राणीचें नांव दिल्यामुळें लोक त्यास ‘राणीचा बाग’ म्हणूं लागले. पुढें मुंबईकरांच्या तोंडीं तीच ‘राणीची बाग’ झाली, आणि फारशी पुल्लिंग शब्द सर्वांच्या संमतीनें स्त्रीलिंगी होऊन बसला. १८७३ सालीं बाग मुंबईच्या म्युनिसिपालिटीकडे गेली, आणि प्राण्यांच्या विभागाचा मोठा विस्तार १८९० च्या सुमारास झाला. कालक्रमाकडे येथें नीट लक्ष दिलें पाहिजे. गोविंद नारायण माडगांवकर यांचा ‘मुंबईचें वर्णन’ हा ग्रंथ १८६३ सालचा. तेव्हां जनावरें पाहण्याच्या गर्दीबद्दल त्याची साक्ष काढतां येणार नाहीं, हें उघड आहे.

त्याच बागेंत १८७२ सालीं वस्तुसंग्रहालय उघडलें. तें आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जातें. भाऊ दाजींनींच अजिंठ्याचे लेख वाचण्याचे आरंभीचे परिश्रम केले, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. संग्रहालयाच्या आवारांत घारापुरीचा काळा दगडी हत्ती आहे. १८६४ सालीं त्यास विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. उचलतांना यारीची सांखळी तुटून हत्ती फुटला, तुकडे राणीच्या बागेंत आले, आणि १९१४ सालीं ते सांधले गेले. बेटाला एलिफंटा हें नांव ज्याच्यावरून मिळालें, तो हत्ती बुडतां बुडतां वांचला व मुलांच्या वाटेवर उभा राहिला. जिवंत हत्ती पाहण्यास आलेल्या किती मुलांनीं त्या दगडी हत्तीकडेहि एकदां पाहिलें असेल! राणीच्या बागेचें नांव आतां वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. २०१६ सालीं तेथें पेंग्विन आणले, व १७ मार्च २०१७ पासून ते लोकांस पाहावयास मिळूं लागले.

बडोद्यास १८७९ मध्यें गायकवाडांचा कमाटीबाग, नागपुरास भोसल्यांच्या महाराजबागेंत १८९४ मध्यें प्राणिसंग्रह, असे मराठी संस्थानांच्या व राजघराण्यांच्या जागांवरहि याच धर्तीचे बाग झाले. या दोन ठिकाणीं शिकारखान्याचा धनी व बागेचा नागरिक यांची गांठ पडलेली दिसते. इंग्रजी देणगी म्हणणारांस आमचें उत्तर इतकेंच कीं, नमुना विलायती असला तरी जागा, जनावरें सांभाळण्याची विद्या व महावत-चित्तेवान हीं माणसें येथलींच होतीं.

आमच्या सोयगांवची गोष्ट यांहून वेगळी आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. राजधानीचें शहर हैदराबाद. तेथील बाग-ए-आममध्येंहि जनावरें होतीं, व तीं पुढें १९६३ सालीं उघडलेल्या नेहरू प्राणिसंग्रहालयास गेलीं. परंतु सोयगांव अजिंठ्याच्या डोंगराखालीं, खानदेशाच्या बाजूस आहे. वेताळवाडीच्या किल्ल्याखालून घाट चढून वर मराठवाड्यांत जावयाचें, आणि उतरून पाचोऱ्यास गेलें कीं मुंबईची आगगाडी. राज्य हैदराबादचें, पण वाट मुंबईची. म्हणून आमच्या भागांतील ज्या घरांस ऐपत होती, त्यांचें प्राणिदर्शन सिद्धार्थ उद्यानापूर्वीं झालें असेल तर तें हैदराबादेस नव्हे, राणीच्या बागेंत, असा आमचा अदमास आहे.

आणि आमच्या घराजवळचे प्राणी? फर्दापूरच्या हद्दीशीं अजिंठ्याचीं लेणीं आहेत; तेथील नदीचें नांवच वाघूर. पहिल्या लेण्यांत एकाच मस्तकाचीं चार हरणें कोरलीं आहेत, सतराव्यांत जातककथांतील हत्ती, हंस, वानर व मृग यांची गर्दी आहे. २८ एप्रिल १८१९ रोजीं जॉन स्मिथ हा मद्रासच्या घोडदळांतील अंमलदार वाघाच्या मागावर या दरींत आला व दहाव्या लेण्याच्या खांबावर आपलें नांव कोरून गेला. त्याच लेण्याच्या भिंतीवर षड्दंताचें जातक रंगविलेलें आहे, ज्यांत शिकारी येऊन हत्तीचे दांत नेतो. स्मिथनें तें चित्र ओळखलें असेल असें नाहीं. या लेण्यांस कोणी आद्य प्राणिसंग्रहालय म्हणतात. आम्ही म्हणणार नाहीं, कारण तेथें चित्रकारास प्राणी दाखवावयाचा नसून बोधिसत्त्व दाखवावयाचा आहे.

आतां मुख्य मुद्दा. शिकारखान्याचे कागद दप्तरांत सांपडतात, गंगारामाचें चित्र परदेशांत सुरक्षित आहे, म्युनिसिपालिटीचे अहवाल छापलेले आहेत. पण एखादें कुटुंब घरून निघालें, कोणकोण निघालें, लेकीसुना बरोबर होत्या कीं नव्हत्या, हें सांगणारे कागद कोठें आहेत? ते घरखर्चाच्या वह्यांत, माहेरच्या पत्रांत, आगगाडीच्या तिकिटांच्या नोंदींत आहेत. आणि आमचे संग्राहक बाड उघडतांच सनदा, महजर व पोथ्या ठेवून हेच कागद रद्दींत टाकतात. मृगपक्षिशास्त्रासारखी हंसदेवाची दुर्मिळ पोथी मिळाली तर कोण सोडील? ती मारुति चितमपल्ली यांच्या परिश्रमांनीं मराठींतहि आली. परंतु चाळीस वर्षांची खतावणी कोणी घरीं नेत नाहीं.

निजामी मुलुखांतील वह्यांत तर एक खूण हमखास मिळते. येथें हाली सिक्का चाले, ब्रिटिश हद्दींत कलदार. साधारण सात हालींस सहा कलदार असा भाव असे. ज्या पानावर एकाएकीं कलदारांत खर्च लिहिला जातो, तेथें घरचें माणूस हद्द ओलांडून गेलेलें असतें. अशा पानावर पुढें-मागें ‘राणीबाग’, ‘अजबखाना’, ‘ट्रामभाडें’, ‘मुलांस फुटाणे’ अशी नोंद दिसते का, तें पाहावें. सोयगांव, पाचोरें, सिल्लोड, कन्नड या बाजूच्या ज्या संग्राहकांजवळ १८९० ते १९४८ या काळांतील अशा वह्या असतील, त्यांनीं त्या टाकूं नयेत. निदान ज्या पानांवर कलदार आहे तेवढीं नकलून ठेवावीं.