वऱ्हाडच्या उन्हाळ्यात लेपर्ड रॅस: फॅन, सेन्सर आणि गोडं पाणी

लेपर्ड रॅस हा खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ टँकमधला ठिपकेदार, देखणा, पण नाजूक मासा. रात्री तो वाळूत शिरून झोपतो, म्हणून तळाला निदान 5 सेंमी बारीक वाळू लागते. नवीन आणल्यावर काही दिवस वर येतच नाही. मेला समजून वाळू उकरू नका. दिवसभर तो खडकांवरचे बारीक कोपेपॉड टिपतो. नव्या टँकमध्ये ते नसतात आणि मासा उपाशी मरतो. सहा-आठ महिने टँक मुरू द्या.

एवढं जगभर सारखंच. अकोला-अमरावतीत खरी परीक्षा मे महिन्यात. बाहेर पारा 45 च्या आसपास, माशाला पाणी हवं 25-26 अंश. आपली हवा कोरडी, म्हणून घरच्या कूलरचंच तत्त्व इथे चालतं: पाण्यावर फॅन सोडला की बाष्पीभवनानं तापमान काही अंश उतरतं. खोलीच 38 अंशांवर जात असेल तर मात्र चिलर घ्या. पावसाळ्यात दमट हवेत कूलर जसा कुचकामी होतो, तसाच हा फॅनही. झाकण काचेचं नको, जाळीचं हवं; वाफ बाहेर जाते आणि मासा उडी मारून बाहेर पडत नाही.

पाणी उडतं, मीठ उडत नाही. समजा 200 लिटर टँकमधून 6 लिटर पाणी गेलं, तर क्षारता 35 वरून 36 होते. म्हणून भर घालायची ती रोज, आणि गोड्या आरओ पाण्याची. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी आयतंच खारं आहे, ते चालेल का? नाही. ते समुद्रापेक्षा कितीतरी कमी खारट असतं आणि त्यातल्या क्षारांचं मिश्रणही वेगळं.

फॅनसाठी मी ईएसपी32 बोर्ड आणि डीएस18बी20 सेन्सर वापरतो. 26.5 ला चालू, 26 ला बंद. एकच आकडा ठेवला तर रिले सारखा टकटक करतो. हा निर्णय बोर्डवरच होऊ द्या, वायफाय गेलं म्हणून फॅन थांबायला नको. फोनवर फक्त अलर्ट. आणखी एक: सेन्सरची वायर निघाली तर त्याची नेहमीची लायब्ररी −127 अंश दाखवते. कोडला वाटतं पाणी गार आहे, आणि फॅन बंदच राहतो! असा आकडा आला की फॅन चालू आणि फोनवर अलर्ट, ही अट आधी लिहा.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर पहिला हक्क पाणी हलवणाऱ्या पंपाचा, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. दुसरा फॅनचा. टँकचे दिवे बंद राहिले तरी चालतील.