मुद्रित न तपासणारा विषाणू

मी शास्त्राचा विद्यार्थी नाही. बी.ए. झालो तो मराठी घेऊन, आणि ऐन विशीत मिरजेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला बसलो. खिळा चुकला की शब्द चुकतो आणि शब्द चुकला की माणूस दुखावतो, हे तिथे शिकलो. लग्नपत्रिकेत ‘चि.’च्या जागी ‘कै.’ पडलेलं मी पाहिलं आहे. पुढे एका विषाणुतज्ज्ञाचं काम समजून घेताना मला हाच छापखाना उपयोगी पडला. त्या कामाकडे वळलो मात्र एका शेजाऱ्यामुळे.

आमच्या मोहल्ल्यात एक ट्रकचालक राहत असे. १९९९च्या सुमारास त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं कळलं. औषधं तेव्हा विकत घ्यावी लागत. खेप मिळाली की गोळ्या आणायच्या, नाही मिळाली की थांबायचं. चिठ्ठीवर तीन औषधं असली तरी खिशात पैसे एका-दोनाचेच असत. आधी त्याचं वजन वाढलं, तो पुन्हा गाडीवर जाऊ लागला. मग औषध लागू पडेनासं झालं. ‘‘भाईजान, गोळी तर तीच आहे. मग बदललं काय?’’ असं त्याने मला विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोहल्ल्याकडे होतं. पथ्य पाळलं नसेल, गोळ्या चुकवल्या असतील, असं लोक म्हणत. मीही मान डोलावली.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर दहा वर्षांपूर्वीच छापून आलं होतं. ते देणाऱ्यांमध्ये एक होते डग्लस रिचमन. अमेरिकेत सॅन दिएगोच्या विद्यापीठात आणि तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणारे हे डॉक्टर रुग्णही पाहत आणि प्रयोगशाळाही चालवत.

१९८६ साली अमेरिकेत एझेडटी या औषधाची मोठी चाचणी झाली. मुळात हे रसायन १९६४ साली कर्करोगासाठी तयार झालं होतं आणि निरुपयोगी ठरून बाजूला पडलं होतं. २८२ रुग्णांपैकी निम्म्यांना औषध दिलं, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. दुसऱ्या गटात १९ मृत्यू झाले, औषध घेणाऱ्यांत एक. चाचणी मध्येच थांबवून सगळ्यांना औषध देऊ करण्यात आलं आणि मार्च १९८७मध्ये त्याला मान्यता मिळाली. चाचणीत दिसलेल्या दुष्परिणामांवरच्या लेखाचे पहिले लेखक रिचमन होते. चाचणीत ही गोळी दर चार तासांनी घ्यायची होती, रात्रीसुद्धा. रक्तातल्या पेशी घटत, रक्त चढवावं लागे. तरी लोक घेत, कारण दुसरं काही नव्हतं. पण सुधारलेले रुग्ण काही काळाने पुन्हा खालावू लागले.

इंग्लंडमधल्या वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेतले ब्रेंडन लार्डर आणि ग्रॅहम डार्बी यांच्यासह रिचमन यांनी रुग्णांच्या रक्तातून मिळवलेले विषाणू तपासले. हेला नावाच्या पेशींवर, एचआयव्हीला आत शिरायला लागणारं सीडी४ हे प्रथिन आणलेलं होतं. विषाणू शिरला की तिथे ठिपका उमटे. औषधाची मात्रा वाढवत न्यायची आणि ठिपके मोजायचे. मार्च १९८९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध न घेतलेल्यांचे विषाणू अगदी थोड्या मात्रेने दबत होते. सहा महिने किंवा अधिक काळ औषध घेतलेल्या बहुतेकांचे विषाणू मात्र पूर्वीसारखी दाद देत नव्हते. काही जणांच्या विषाणूंना तर शंभरपट मात्रा लागत होती. यामुळेच रुग्ण खालावतात का, हे इतक्या थोड्या रुग्णांवरून सांगता येणार नाही, असंही त्याच लेखात म्हटलं होतं. हा सावधपणा मला फार मोलाचा वाटतो. आमच्या मोहल्ल्याला तो जमला नाही.

हे घडतं कसं? एचआयव्ही आपली प्रत काढतो तेव्हा ती तपासत नाही. त्याच्या छापखान्यात मुद्रितशोधकच नाही. सुमारे दहा हजार अक्षरांचा मजकूर, आणि १९९६च्या एका अंदाजाप्रमाणे उपचार न घेतलेल्या शरीरात दिवसाला सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू. एवढ्या प्रतींत एका अक्षराची प्रत्येक शक्य चूक रोज कुठे ना कुठे होतेच. बहुतेक चुका वाया जातात. पण एखादी नेमकी औषधाला चकवणारी असते. औषध बाकीच्यांना आवरतं आणि तिला मोकळं रान मिळतं. नेव्हिरापिनला हरवायला तर एका अक्षराचा बदल पुरतो. ते एकटंच दिलं तर काही आठवड्यांत निकामी होतं.

उपायाची खूण १९८९च्या त्याच लेखात होती. एझेडटीला न जुमानणारे विषाणू दुसऱ्या काही औषधांना अजून दाद देत होते. तीन औषधं एकदम दिली, तर तिन्ही चुका एकाच प्रतीत जुळून येणं फार अवघड. १९९६पासून तीन औषधांचे उपचार रूढ झाले आणि मृत्यू झपाट्याने घटले.

मग ही औषधं कधी थांबवता येतील का? १९९७मध्ये रिचमन यांच्या गटाने सहा रुग्ण तपासले. त्यांच्या रक्तद्रवात दोन वर्षांपर्यंत विषाणू जवळजवळ सापडत नव्हता. तरीही त्यांच्या रक्तातल्या पेशींना जागं केल्यावर जिवंत विषाणू हाती आला. त्याचा मजकूर वाचला तर औषधाला चकवणारी एकही नवी चूक नव्हती. चूक नाही, म्हणजे छपाईच झालेली नाही. औषध हरलं नव्हतं, विषाणू झोपून राहिला होता. बाल्टिमोर आणि बेथेस्डा इथल्या गटांनाही त्याच सुमारास हेच आढळलं. म्हणून गोळी रोज, आणि आयुष्यभर.

२००१ साली मुंबईच्या सिप्लाने, युसूफ हमीद यांच्या नेतृत्वाखाली, असे तीन औषधांचे उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केले. तोवर पाश्चात्त्य देशांत त्यांना वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक मोजावे लागत. सिप्लाने तिन्ही औषधं एकाच गोळीतही आणली, म्हणजे पैसे नाहीत म्हणून त्यातलं एखादंच घेणं आपोआप टळलं. १ एप्रिल २००४पासून आपल्या सरकारी केंद्रांतून औषधं मोफत मिळू लागली. आमचा शेजारी २००२मध्येच गेला होता.

गोळी तीच होती, विषाणू बदलला होता. आणि त्याला बदलायला वाट मिळाली ती रिकाम्या खिशातून. हे मला उशिरा कळलं. आता कुणी औषध लागू पडत नाही म्हणालं, तर ‘‘गोळ्या घेतोस ना?’’ असं मी आधी विचारत नाही. ‘‘गोळ्या मिळतात ना?’’ असं विचारतो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)