साती आसरा : सीमाभागातील पाणवठ्यावरच्या पऱ्या

परी म्हटले की आज डोळ्यांसमोर येते ती पांढरा झगा घातलेली, पाठीला पंख आणि हातात चांदणीची छडी असलेली मुलगी. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती हमखास असते. हा शब्द फारसीतून आला आणि हे चित्र इंग्रजी पुस्तकांतून. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातल्या जुन्या माणसांना मात्र पऱ्यांची ओळख पुस्तकातून झाली नाही. ती विहिरीवर झाली. त्यांना पंख नव्हते आणि त्यांचे नाव होते आसरा. त्या सात बहिणी, म्हणून साती आसरा.

विहिरीच्या काठाला, ओढ्याच्या वळणावर किंवा नदीच्या घाटाजवळ ओळीने मांडलेले सात लहान दगड, त्यांना हळदीकुंकू किंवा शेंदूर, समोर हिरव्या बांगड्या आणि सुकलेला नारळ, एवढेच त्यांचे देऊळ. छप्पर नसते आणि बहुधा पुजारीही नसतो. शेजारी थोड्या अंतरावर एखादा मोठा शेंदरी दगड दिसला तर तो म्हसोबा, या बहिणींचा राखणदार. काही ठिकाणी त्याला त्यांचा भाऊ म्हणतात.

नाव आणि कूळ

'आसरा' हा शब्द संस्कृत 'अप्सरस्' वरून, प्राकृतातल्या 'अच्छरा' या रूपातून आला, असे अभ्यासक मानतात. अप् म्हणजे पाणी. अप्सरा म्हणजे पाण्यात वावरणारी. इंद्राच्या दरबारात नाचणारी अप्सरा ही पुढची गोष्ट. ऋग्वेदातल्या पुरूरवा-उर्वशी संवादाची कथा शतपथ ब्राह्मणात सविस्तर येते. तिथे उर्वशी आणि तिच्या सख्या पाणपक्ष्यांच्या रूपात तळ्यात पोहत असतात आणि पुरूरव्याला तिथेच भेटतात. हंसाचे रूप घेणाऱ्या तरुणींच्या कथा युरोपातही पुष्कळ आहेत, हे वाचकांना ठाऊक असेल. स्वर्गातली अप्सरा चित्रात आणि नाटकात गेली. तळ्यातली अप्सरा मात्र खेड्यात तशीच राहिली. 'आधार, निवारा' या अर्थाचा 'आसरा' शब्द वेगळा, तो 'आश्रय' वरून आलेला. पण ओटी भरणाऱ्या बाईच्या मनात हे दोन शब्द वेगळे असतात असे आम्हांला वाटत नाही.

सात जणींची नावे विचारली तर गावात सहसा कोणी सांगत नाही, 'साती जणी' एवढेच पुरते. ग्रंथांत मात्र मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी अशी नावे येतात, म्हणजे मासोळी, कासव, खेकडा, बेडूक, मगर. ही सगळी पाण्यातली वस्ती आहे. कोकणात आणि मावळात यांनाच मावलाया म्हणतात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या ग्रंथात मातृदेवतांच्या ठाण्यांचा शोध घेताना या मावलायांची दखल घेतली. कार्ल्याच्या परिसराचे मावळ हे नाव आणि या 'लहान आया' यांचा संबंध त्यांनी जोडून दाखवला.

पुष्कळ लोक साती आसरांना सप्तमातृका समजतात. ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी आणि चामुंडा या सप्तमातृका शास्त्रातल्या, प्रत्येकीचे वाहन आणि आयुध ठरलेले. एकेकाळी आपल्या या भागावर राज्य करणारे बदामीचे चालुक्य आपल्या शिलालेखांत स्वतःला सप्तमातृकांनी वाढवलेले म्हणवतात. दोन्हींचा आकडा सात आणि दोन्हींच्या ओळीच्या टोकाला पुरुष राखणदार, त्यामुळे सरमिसळ होणे साहजिक आहे. पण आसरांना वाहन नाही, आयुध नाही आणि पाणी सोडून घर नाही. हा फरक आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

मलप्रभेची कथा

आपल्या जिल्ह्यातली सर्वांत मोठी देवी म्हणजे सौंदत्तीची यल्लम्मा. तिची कथाही पाण्यातल्या या मंडळींपाशीच वळण घेते. जमदग्नींची पत्नी रेणुका रोज पहाटे मलप्रभेवर जाई, ओल्या वाळूचा घडा करी, सापाची चुंबळ करून तो डोक्यावर घेई. एके दिवशी तिने एका गंधर्वाला आपल्या स्त्रियांसह नदीत जलक्रीडा करताना पाहिले. क्षणभर तिचे मन चळले आणि वाळूचा घडा होईना. पुढचा जमदग्नींचा कोप, परशुरामाची कुऱ्हाड आणि मातंगी हे सगळ्यांना माहीत आहे. जत्रेत सांगताना भर त्या पुढच्या भागावरच असतो. आम्ही मात्र लक्ष वेधू इच्छितो ते नदीकडे. मलप्रभा उगम पावते खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला आणि तिथे देवीचे नाव माउली. मराठी मुलखातली माउली आणि कन्नड मुलखातली यल्लम्मा या एकाच नदीच्या दोन देवी आहेत.

या कथेला एक काळी बाजू आहे. केसांत जट आली की देवीने मागणी घातली असे समजून मुलींना देवीला सोडण्याची चाल याच पट्ट्यात दीर्घकाळ होती. कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने देवदासी प्रथेवर बंदी आली. निपाणी, गडहिंग्लज, संकेश्वर भागातल्या अनेक कार्यकर्त्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले.

रंगभूमीवरच्या पऱ्या

लखनौच्या अमानतने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला 'इंदरसभा' लिहिली. तीत इंद्राच्या दरबारी अप्सरा नाहीत, तर पुखराज, नीलम, लाल आणि सब्ज या चार पऱ्या आहेत. पारशी नाटक मंडळ्यांनी हा खेळ मुंबई-पुण्याला आणला. तो पाहून मराठीत तसे संगीत नाटक करण्याची कल्पना बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्करांना सुचली, असे सांगितले जाते. अण्णासाहेब आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८४३. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. शकुंतला ही मेनका अप्सरेची मुलगी. फारसी परीला पाहून आलेल्या माणसाने घरच्या अप्सरेची कथा निवडली. कालिदासाच्या मूळ नाटकात दुष्यंताने नाकारलेल्या शकुंतलेला स्त्रीरूपी ज्योत उचलून नेते, तेही अप्सरातीर्थाजवळून. इथेही पाणवठा आहेच.

गंधर्व हे अप्सरांचे सोबती. आपल्या भागाला तेही परके नाहीत. सुळेभावीच्या शिवपुत्र कोमकळींना लहानपणीच 'कुमार गंधर्व' ही पदवी मिळाली आणि पुढे तेच नाव झाले.

बुटके, कीचक आणि गिऱ्हा

'हिमगौरी आणि सात बुटके' वाचून वाढलेली मुले विचारतात, आपल्याकडे असे बुटके नाहीत का? आहेत, पण बहुतेक दगडात. जुन्या दगडी देवळातल्या खांबांच्या माथ्यावर, तुळईला हात लावून बसलेली जी आखूड, पोट सुटलेली माणसे दिसतात त्यांना मराठीत कीचक म्हणतात. बदामीच्या लेण्यांत चौथऱ्याच्या पट्टीवर शिवाचे ठेंगणे गण ओळीने नाचतात, वाजवतात, वाकुल्या दाखवतात. महाभारतात अंगठ्याएवढे वालखिल्य ऋषी आहेत. ते झाडाच्या फांदीला उलटे लटकून तप करतात आणि गरुड ती फांदी चोचीत धरून त्यांना सांभाळून नेतो.

गोष्टींतला बुटका मदतनीस शोधायचा तर कोकणाकडे पाहावे लागते. तिथला गिऱ्हा पाण्यात राहतो आणि रात्रीच्या वाटसरूला चकवतो. त्याचा केस हाती लागला तर तो घरचे काम करतो आणि केस परत मिळावा म्हणून विनवण्या करत राहतो. खजिन्यासाठी पकडलेल्या आयरिश बुटक्याची आठवण यावी अशीच ही गोष्ट. जॅक्सन या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या गावोगावच्या शिक्षकांकडून अशा समजुतींची माहिती मागवली होती. १९०९ साली नाशिकला त्याची हत्या झाल्यावर एन्थोव्हेनने ती संकलित करून १९१५ च्या सुमारास छापली. आसरांविषयीच्या सुरुवातीच्या छापील नोंदी तिथे सापडतात. परक्या सरकारच्या कामासाठी का होईना, आपल्याच शाळामास्तरांनी केलेले हे टिपण आहे.

घरातल्या आसरा

काही घरांच्या देव्हाऱ्यात आसरांचा टाक असतो. चांदीच्या किंवा पितळेच्या पत्र्यावर एका ओळीत हात धरून उभ्या असल्यासारख्या सात बायका. पण त्यांची खरी भेट पाणवठ्यावरच. सव्वा महिन्याने बाळंतीण प्रथम विहिरीवर जाते, पाणी पुजते, ओटी भरते आणि मगच घागर उचलते. नव्या विहिरीला पाणी लागले की दहीभाताचा नैवेद्य, खण-नारळ आणि हिरवा चुडा. ओटीत फणी-करंडा ठेवणाऱ्याही आहेत, कारण आसरांना नटण्याची हौस. कन्नड बोलणाऱ्या शेजारच्या घरात हीच पूजा गंगेच्या, गंगव्वेच्या नावाने होते. नैवेद्याच्या ताटात फारसा फरक नसतो. १९५६ साली राज्यांची रेषा आखली गेली आणि तिच्यावरून आजही आपले मन दुखते, पण वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या या दगडांना कोणी भाषा विचारलेली नाही. भाद्रपदात पाणवठ्यावरून न बोलता खडे आणून बसवलेल्या गौरी पाहिल्या की, त्याही याच नात्यातल्या असाव्यात असे आम्हांला वाटते.

ऐन दुपारी आणि तिन्हीसांजेला विहिरीवर एकटे जाऊ नये, केस मोकळे सोडून जाऊ नये, पाण्यात थुंकू नये, नाहीतर आसरा धरतात, हे सांगून आज्यांनी कितीतरी मुलांना कठडा नसलेल्या विहिरींपासून दूर ठेवले. पाणी स्वच्छ ठेवण्याचाही तो एक नियमच होता.

पण 'आसरा लागल्या' हे शब्द ज्या बाईबद्दल बोलले जातात ती पुष्कळदा नुकतीच बाळंत झालेली असते. तिला ताप असतो, झोप नसते, ती असंबद्ध बोलते किंवा बाळाकडे पाहत नाही. बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग आणि मानसिक आजार ही त्याची ओळखीची कारणे आहेत. दोन्हींवर उपचार आहेत आणि दोन्हींत उशीर जिवावर बेततो. ओटी भरायची असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी भरावी. आजारी बाईला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. देवऋषीच्या नावाखाली मारहाण किंवा चटके हा सीमेच्या दोन्ही बाजूंना गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०१३ चा कायदा आहे, कर्नाटकात २०१७ चा, आणि तो २०२० पासून अमलात आहे.

दगड कुठे गेले?

नळ आला, बोअर आली आणि विहिरीवर जाणे थांबले. बेळगाव शहरात कित्येक विहिरी बुजल्या, काहींवर घरे उठली. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर टिकली, कारण तिला इतिहास होता. आसरांच्या विहिरींना असा लेखी इतिहास नाही. विहीर बुजवताना बहुधा कोणी तरी ते सात दगड उचलून जवळच्या पिंपळाखाली किंवा मारुतीच्या देवळामागे ठेवते. टाकून देण्याचा धीर होत नाही. काही वर्षांनी ते कशाचे दगड हे सांगणारे कोणी उरत नाही. मग कोणी त्यांवर सिमेंट ओतून चौथरा करते, तर कोणी एकच मुखवटा बसवून नवे नाव देते.

म्हणून गावागावांतली ही ठाणी टिपून ठेवावीत असे आम्हांला वाटते. दगड सात आहेत की पाच, जवळ पाणी आहे की नुसती जुनी विहीर होती, म्हसोबा आहे का, ओटी कोण भरते आणि कोणत्या दिवशी, त्या वेळी म्हणायची गाणी मराठीत आहेत, कन्नडमध्ये आहेत की दोन्हींत मिळून. छायाचित्र काढताना दगड हलवू नयेत आणि शेंदूर खरवडू नये. सत्तरी ओलांडलेल्या बायकांना आधी विचारावे, कारण विहिरीवर रोज पाणी भरलेली ती शेवटची पिढी आहे.