न वाचलेला शंभरावा अंक

२०१२ साली, पहिल्या पगारातून, मी ‘द वॉकिंग डेड’ कॉमिकचा शंभरावा अंक घेतला. पुढेमागे याचं सोनं होईल, असा हिशोब. पान दुमडलं तर भाव उतरेल म्हणून प्लास्टिकचं पाकीट उघडलंच नाही.

सोनं झालं ते पहिल्या अंकाचं. रॉबर्ट कर्कमन आणि चित्रकार टोनी मूर यांचा तो अंक ऑक्टोबर २००३मध्ये आला. किंमत २.९५ डॉलर, प्रती सुमारे ७,३००. तेव्हा त्यात गुंतवणूक कोणाला दिसणार? २०१०च्या हॅलोविनला टीव्हीवर मालिका सुरू झाली आणि लाखो चाहते त्या मोजक्या प्रतींमागे लागले. उत्तम स्थितीतली प्रत हजारो डॉलरना जाऊ लागली.

शंभरावा अंक आला तो मालिका गाजत असताना. दुकानदारांनी ३ लाख ८० हजारांहून जास्त प्रती मागवल्या. सगळेच जपून ठेवतात ती वस्तू दुर्मिळ कशी होणार?

याआधीही हेच घडलं होतं. ‘डार्क शॅडोज’ या व्हॅम्पायर मालिकेच्या १९६९च्या पहिल्या कॉमिकमध्ये पोस्टर होतं. ते काढून भिंतीवर लावायचंच होतं. म्हणूनच आज पोस्टरसकट प्रतीला जास्त भाव आहे.

२०१६ साली मालिकेत नीगननं ग्लेनला मारलं, तेव्हा मी हादरलो. मग कळलं, तो प्रसंग शंभराव्या अंकातलाच. चार वर्षं माझ्याच कपाटात पडून होता.

त्या रात्री पाकीट फोडलं.