झोंपेंतला श्वास आणि नळींतलें दंव

शहापूर तालुक्यांत भातसा धरणाच्या अंगाला भातसानगर म्हणून एक वस्ती आहे. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात तलावांपैकीं सर्वांत मोठा तलाव हाच. त्या सातांच्या सांठ्यांतील निम्म्याच्या आसपास पाणी येथें अडविलेलें असतें. पावसाळ्यांत या बाजूच्या भिंतींना ओल सुटते, डब्यांतले पापड मऊ पडतात, दोरीवरचे कपडे वाळतां वाळत नाहींत. पौषांत मात्र पहाटे दुहेरी पांघरूण लागतें. अशा ठिकाणीं रात्रीं नाकावर मुखवटा चढवून निजणाऱ्या माणसाला त्याच्या यंत्रांतील पाणी केव्हां अधिक छळील? कोणीही सांगेल, पावसाळ्यांत. खरें उत्तर नेमकें उलट आहे, आणि तें समजण्यासाठीं या यंत्राचा इतिहास थोडा पाहावा लागतो.

घोरणें हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचा विषय. कुंभकर्णाचें नांव घेऊन घरांतील मंडळी हसतात आणि कूस बदलून झोंपीं जातात. पण कांहीं घोरणाऱ्यांचा आवाज मध्येंच तुटतो. झोंपेंत घशाचे स्नायु सैलावतात, मार्ग मिटतो, छाती धडपडते, परंतु हवा आंत जात नाहीं. दहा सेकंद, वीस सेकंद, कधीं त्याहून अधिक. मग रक्तांतील प्राणवायु उतरला म्हणजे मेंदू दचकतो, एक मोठा घुरघुराट होतो, आणि पुन्हां तेंच. रात्रींतून शेंकडों वेळां हें घडूं शकतें. सकाळीं त्या माणसाला यांतलें कांहींच आठवत नाहीं. दिवसभर पेंग मात्र येत राहते.

१९८० पर्यंत या दुखण्यावर खात्रीचा उपाय एकच होता: गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेंत नळी बसविणें. त्या वर्षींच्या जून महिन्यांत सिडनी येथील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांच्यापुढें असाच एक रुग्ण आला. छिद्र पाडून घेण्यास तो राजी नव्हता. एका रात्रीचा प्रयोग मात्र त्यानें मान्य केला. सुलिव्हन यांनीं हवा फुंकणारी एक मोटर घेतली, तिला नळी जोडली, नाकावर मुखवटा बसविला आणि खोलींतलीच हवा थोड्या दाबानें आंत सोडली. दाब पुरेसा होतांच मिटणारा घसा उघडा राहिला. औषध नाहीं, शस्त्रक्रिया नाहीं. हवेलाच हवेचा टेकू! रुग्ण गाढ निजला. १९८१ च्या एप्रिलांत 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत अशा पांच रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. तें यंत्र पुढें 'सीपॅप' या नांवानें जगभर गेलें.

हा आजार लठ्ठ पाश्चात्त्यांचा, अशी समजूत बाळगणाऱ्यांना मुंबईनेंच उत्तर दिलें. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी यांनीं ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी २००४ सालीं प्रसिद्ध केली. तींत २५० जणांच्या झोंपेची रात्रभर नोंद घेतलेली होती. दिवसाच्या पेंगेसह हा विकार शेंकडा साडेसात जणांना असावा, असा अंदाज निघाला. फेब्रुवारी २०२२ मध्यें संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईंत वारले, तेव्हां डॉक्टरांनीं मृत्यूचें कारण म्हणून याच श्वासरोधाचें नांव घेतलें.

यंत्र आलें, पण तें वापरणारे पुष्कळजण कांहीं दिवसांत कंटाळूं लागले. नाक कोरडें पडे, चोंदे, घसा जळे. नाक हें निसर्गाचें केवढें सूक्ष्म यंत्र आहे, हें अशा वेळीं कळतें. ३७ अंश उष्णतेच्या संपृक्त हवेच्या एका लिटरांत ४४ मिलिग्रॅम पाणी मावतें. फुप्फुसांना हवा लागते ती अशी. सामान्य श्वासांत नाक जातांना ओलावा देतें आणि येतांना त्यांतला कांहीं परत घेतें. परंतु यंत्र लावलेला माणूस तोंड उघडें टाकून निजला, म्हणजे हवा नाकानें शिरते आणि तोंडावाटे निघून जाते. नाकाची उधारी कधीं फिटतच नाहीं. सुलिव्हन यांच्याच मंडळींनीं १९९६ सालीं दाखवून दिलें कीं, अशा गळतीनें नाकांतील अडथळा वाढतो, थंड पाण्यावरून हवा नेल्यानें फारसा गुण येत नाहीं, पण तापविलेल्या पाण्यावरून नेल्यास येतो. ऊन पाण्याची ही कल्पना ऑकलंडमध्यें आधींच रुजली होती. तेथें १९६९ च्या सुमारास डॉ. मॅट स्पेन्स यांच्या अतिदक्षता विभागासाठीं फळें टिकविण्याच्या कांचेच्या बरणीपासून पहिलें आर्द्रतायंत्र तयार झालें. आपल्या घरांत लोणच्याच्या बरण्या कमी नाहींत. तिचा असा उपयोग मात्र कोणाला सुचला नाहीं.

कोरडेपणा गेला आणि दुसरें संकट आलें: नळींत पाणी सांचूं लागलें. मोंपेलिए येथील शार्ल ल रुआ या वैद्यानें १७५१ सालीं पात्रांतील पाणी हळूहळू थंड करीत नेऊन, पात्राला बाहेरून दंव केव्हां धरतें, तें मोजलें होतें. थंड पाण्याच्या तांब्याला घाम फुटतो, तोच हा प्रकार. यंत्रांतून निघालेल्या हवेच्या लिटरांत २४ मिलिग्रॅम पाणी आहे असें धरा. माघाच्या रात्रीं खोली १५ अंशांवर असली आणि मुखवट्यापर्यंत येतां येतां हवा १८ अंशांपर्यंत निवाली, तर तींत १५ मिलिग्रॅमच मावतें. उरलेलें नऊ जाईल कोठें? मिनिटाला ३० लिटर हवा वाहत असेल, तर सगळें सांचल्यास ताशीं सोळा ग्रॅम पाणी होतें. मग नळींत गुळगुळ आवाज येतो, दाब डळमळतो, आणि मध्यरात्रीं नाकावर गार पाण्याचा शिपका बसतो. मुखवटा भिरकावून देणाऱ्याला दोष कसा द्यावा? पण मुखवटा गेला, कीं श्वास पुन्हां अडूं लागतो.

श्रावणांत खोलीच २७ अंशांवर असते; नळींत हवा निवण्यास वावच नसतो. शिवाय बाहेरच्या हवेंतच लिटरामागें वीस-बावीस मिलिग्रॅम पाणी असतें, त्यामुळें टांकी तापविण्याची गरज थोडी किंवा मुळींच नसते. वातानुकूलन यंत्र लावून निजणारा शहरवासी मात्र भर श्रावणांत पौष घरांत आणतो.

उपाय साधे आहेत. यंत्र उशीच्या पातळीच्या खालीं ठेवावें, म्हणजे पाणी नाकाकडे न येतां टांकींत परततें. नळीवर जुन्या गोधडीची खोळ चढवावी. ती पांघरुणाखालून घ्यावी. थंडींत टांकीची उष्णता एक पायरी उतरवावी. नळींतच तापणारी तार गुंफण्याची युक्ति रुग्णालयांत आधींच होती. ती घरगुती यंत्रांत या शतकाच्या पहिल्या दशकांत आली.

२०२१ सालानें या ओलाव्याची दुसरी बाजू दाखविली. करोनानंतर महाराष्ट्रांत काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले, तेव्हां प्राणवायूच्या उपकरणांतील पाण्याकडे बोट दाखविलें गेलें. मुख्य कारणें अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड औषधांचा वापर हींच होतीं, सगळा दोष पाण्यावर टाकणें न्याय्य नव्हे. तरी अशा उपकरणांत स्वच्छ निर्जंतुक पाणीच घालावें, असें भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें बजावलें. त्याच वर्षीं १४ जूनला फिलिप्स कंपनीनें आपलीं असंख्य श्वासयंत्रें परत बोलाविलीं. आवाज कमी करण्यासाठीं बसविलेला फेस विरूं लागला होता. ओझोननें सफाई केल्यास, किंवा उष्ण-दमट हवेंत, तो अधिक विरतो, असें कंपनीनेंच सांगितलें.

भातसानगरासारख्या ठिकाणीं उष्ण-दमट हवा टाळणार कशी? टांकींतलें उरलेलें पाणी रोज सकाळीं ओतून द्यावें लागतें. तेंच पाणी दुसऱ्या रात्रीं चालतें असें समजणारे चुकतात. विहिरीचें पाणी घातल्यास तळाशीं पांढरा थर धरतो, म्हणून ऊर्ध्वपातित पाणी घ्यावें लागतें. सौम्य साबणानें धुतलेली नळी आषाढांत दोरीवर टांगून वाळत नाहीं. ती झटकून, टांकी बाजूला काढून, यंत्र पंधरा-वीस मिनिटें नुसतेंच चालू ठेवावें. मोटरीच्या ऊबेनें किंचित् तापलेली हवा उन्हाचें काम करते. वीज असेल तर.